मातीतला रोग अर्ध्या तासात ओळखणारं लॅम्प किट: दोन हंगाम वापरल्यावर माझं मत

कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण मला लॅम्प, म्हणजे रोगजंतूच्या डीएनएच्या प्रती वाढवून रोग ओळखणाऱ्या, या प्रकारच्या किटबद्दल बोलायचंय आणि अशा सगळ्या किटचा आतला गाभा साधारण सारखाच असतो. मी रोपवाटिका सांभाळते, टोमॅटो, मिरची, वांगी यांची रोपं तयार करून देते आणि रोपं नेलेल्यांच्या शेतात काही बिघडलं की पहिला फोन मलाच येतो, त्यामुळे हे किट मी हौस म्हणून घेतलं नाही, गरज म्हणून घेतलं.

"ताई, पाणी रोज देतोय तरी झाडं दुपारी मान टाकतात आणि संध्याकाळी परत उभी राहतात, काय करू?" हा फोन दर हंगामात येतोच येतो. आणि या एका वाक्यामागे चार-पाच वेगवेगळे रोग असू शकतात हीच खरी अडचण आहे. झाड हिरवंगार असतानाच सुकत असेल, पान पिवळं पडायलाही वेळ मिळत नसेल, तर राल्स्टोनिया या जिवाणूची मर, म्हणजे झाड सुकवणारा रोग, असण्याची शक्यता जास्त. खालची पानं आधी पिवळी पडतायत आणि तीही फांदीच्या एकाच बाजूची, तर फ्युजॅरियम या बुरशीची मर. मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आतला बारीक दोरा तेवढा हातात राहतो, तर पिथियमची मूळकूज. जमिनीलगत खोडाभोवती पांढरी बुरशी आणि त्यात मोहरीसारखे गोल तपकिरी दाणे दिसले तर स्क्लेरोशियम. आणि मुळांवर गाठीच गाठी असतील तर सूत्रकृमी. कागदावर हे सगळं सोपं वाटतं पण शेतात गेलं की दोन-दोन रोग एकाच झाडावर असतात, सूत्रकृमीने मूळ फोडून ठेवलेलं असतं आणि त्याच जखमेतून जिवाणू आत शिरलेला असतो, मग डोळ्यांनी काय ठरवणार?

आणि ठरवणं गरजेचं असतं कारण उपाय एकमेकांच्या कामाचे नसतात. बुरशीनाशक जिवाणूवर चालत नाही. पिथियम आणि फायटोफ्थोरा दिसायला बुरशीसारखे असले तरी ते खऱ्या बुरशीच्या कुळातलेच नाहीत, त्यामुळे मेटालॅक्झिल हे औषध त्यांच्यावर चालतं पण फ्युजॅरियमवर चालत नाही. राल्स्टोनिया एकदा झाडात शिरला की ओतण्यासारखं औषधच नाही, झाड उपटायचं, पाणी दुसऱ्या ओळीत जाऊ द्यायचं नाही आणि पुढच्या वेळी हवाई ७९९६ या टोमॅटोच्या वाणासारख्या प्रतिकारक खुंटावर कलम केलेली रोपं लावायची एवढंच हातात राहतं. म्हणजे पहिले दोन-तीन दिवस अंदाजाने औषध ओतण्यात गेले तर पैसा तर जातोच, पण त्याहून वाईट म्हणजे सिंचनाच्या पाण्याबरोबर रोग ओळभर पसरलेला असतो.

जुनी पद्धत वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. राल्स्टोनियासाठी काचेच्या ग्लासातल्या पाण्याची चाचणी मी आजही सगळ्यात आधी करते. खोडाचा बोटभर तुकडा कापायचा, ग्लासभर स्वच्छ पाण्यात कापलेलं टोक बुडेल असा धरायचा, हलवायचा नाही, आणि काही मिनिटांत त्या टोकातून दुधाळ धागा सरळ खाली उतरताना दिसतो, ते जिवाणूच असतात. फुकटात होणारी इतकी चांगली चाचणी दुसरी नाही. पण ती चालते झाड कोलमडल्यावर. वरून ठणठणीत दिसणाऱ्या रोपात थोडेसे जिवाणू असले तर धागा दिसत नाही, आणि रोपवाटिकेत मला नेमकं तेच रोप पकडायचं असतं. प्रयोगशाळेत नमुना पाठवला तर बशीत वाढवून बघतात, राल्स्टोनियाची वसाहत दिसायला दोन-तीन दिवस लागतात, फ्युजॅरियमला आठवडा, आणि ते फ्युजॅरियम खरंच टोमॅटोला मारणारं आहे का हे सिद्ध करायला रोपाला टोचून परत वाट बघायची, म्हणजे आणखी तीन-चार आठवडे. उत्तर पक्कं येतं पण तोपर्यंत हंगाम पुढे गेलेला असतो.

तर हे लॅम्प. पीसीआर आता सगळ्यांच्या कानावर आहे, १९८३ साली कॅरी मुलिस यांना सुचलेली डीएनएच्या प्रती वाढवायची पद्धत, त्यासाठी १९९३ चं नोबेल मिळालं. त्यात नळी वारंवार ९०-९५ अंशांपर्यंत तापवायची आणि परत थंड करायची असते, म्हणून ते महागडं यंत्र लागतं. लॅम्प ही जपानमधल्या आयकेन केमिकल कंपनीतल्या नोतोमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली पद्धत, हिच्यात तापमान एकच, ६० ते ६५ अंश, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. हे जमतं त्यातल्या एन्झाइममुळे. ते गरम पाण्याच्या झऱ्यांत वगैरे राहणाऱ्या एका जिवाणूकडून घेतलेलं आहे आणि डीएनएची जुनी साखळी बाजूला ढकलत ढकलत नवी बनवत जातं, त्यामुळे साखळ्या सुट्या करायला उकळायची गरजच नाही. शिवाय चार प्रायमर, म्हणजे ठरावीक जागीच चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे, मिळून रोगकारकाच्या डीएनएवरच्या सहा जागा ओळखतात, नंतर २००२ मध्ये आणखी दोन प्रायमरची भर पडली आणि काम अजून वेगात व्हायला लागलं. सहा जागा जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही म्हणून नेमकेपणा चांगला. आणि एवढा डीएनए तयार होतो की रंग बदललेला नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

माझ्या खोक्यात काय होतं ते सांगते. वाळवलेल्या रसायनाची गोळी तळाशी असलेल्या आठ-आठ नळ्यांच्या पट्ट्या, मूळ चिरडायच्या जाड प्लास्टिकच्या पिशव्या, अर्क काढायचं द्रावण, मातीसाठी बारीक मणी भरलेल्या वेगळ्या नळ्या, एक मायक्रोपिपेट, टिप्स, आणि पॉवर बँकवर चालणारा हातभर नाही इतका छोटा हीटिंग ब्लॉक. पट्टीतल्या आठ नळ्यांपैकी सहा माझ्या नमुन्यांच्या, एक पॉझिटिव्ह कंट्रोलची (रोगाचा डीएनए मुद्दाम घातलेली, ती पॉझिटिव्ह यायलाच हवी) आणि एक निगेटिव्ह (रोग नसलेली, ती यायला नको). पद्धत अशी की नखाएवढा मुळाचा किंवा खोडाचा तुकडा पिशवीत द्रावणाबरोबर घालून बाटलीने लाटायचा, वरचं निवळ पाणी २ मायक्रोलिटर घेऊन नळीत सोडायचं, झाकण घट्ट, ब्लॉकमध्ये ३० मिनिटं.

पहिल्यांदा केलं तेव्हाचं मी विसरणार नाही. सगळ्या नळ्या गडद गुलाबी होत्या, पंधरा मिनिटांपर्यंत काहीच नाही, अठराव्या मिनिटाला पॉझिटिव्ह कंट्रोल नारिंगी व्हायला लागली, आणि मग माझी तिसरी नळी, जिच्यात वरून एकदम निरोगी दिसणाऱ्या रोपाच्या मुळाचा अर्क होता, तीसुद्धा. पंचविसाव्या मिनिटाला ती लिंबासारखी पिवळी झालेली. बाकीच्या पाच गुलाबीच. मी त्याच ट्रेमधली वीस रोपं वेगळी ठेवली, आठव्या दिवशी त्यातली सात दुपारी माना टाकून पडलेली होती आणि ग्लासातल्या पाण्यात दुधाळ धागा स्पष्ट उतरत होता. तो ट्रे शेतात गेला असता तर काय झालं असतं याचा विचार मी अजून करते. किटचे पैसे त्या एका ट्रेमध्ये वसूल झाले असं मला मनापासून वाटतं.

आता त्रासाचं, कारण त्रास झालाच आणि तो बॉक्सवर कुठेच लिहिलेला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात सगळ्याच्या सगळ्या आठ नळ्या पिवळ्या झाल्या, निगेटिव्ह कंट्रोलसकट. परत केलं, परत तेच. दोन पट्ट्या वाया गेल्यावर कारण सापडलं: आमच्या मुलाने रंग नीट बघायला आधीच्या दिवशीची एक पिवळी झालेली नळी त्याच टेबलावर उघडली होती. लॅम्पमध्ये एका नळीत अब्जावधी प्रती तयार झालेल्या असतात, झाकण उघडलं की त्याचे अदृश्य तुषार टेबलावर, पिपेटवर, हातमोज्यांवर सगळीकडे जातात आणि त्यातला एखादा कण पुढच्या नळीत पडला तरी ती पॉझिटिव्ह येते. मग आम्ही टेबल ब्लीचने पुसलं, टिप्स बदलल्या, पिपेट बाहेरून पुसून घेतलं आणि मुख्य म्हणजे दोन वेगळ्या खोल्या केल्या, नमुना चिरडायचा एकीकडे आणि तापवायचं दुसरीकडे. वापरलेली नळी उघडायची नाही, न उघडता दोन पिशव्यांत बांधून टाकायची. ही एवढी महत्त्वाची गोष्ट माहितीपत्रकात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होती, ती झाकणावरच छापायला पाहिजे.

दुसरा त्रास रंगाचा. गुलाबीचं पिवळं होणं म्हणजे नळीतलं आम्ल वाढणं, डीएनए बनताना आम्ल सुटतं आणि नळीतलं फिनॉल रेड हे रंगद्रव्य रंग बदलतं. पण नमुनाच आम्लधर्मी असेल तर? पीट मॉस घातलेल्या मिश्रणाचा अर्क मी नळीत सोडला आणि ब्लॉकमध्ये ठेवायच्या आधीच नळी पिवळी! अर्क पाण्यात दहापट पातळ करून घातल्यावर प्रश्न सुटला, पण पातळ केलं की जंतूही दहापट विरळ होतात, म्हणजे अगदी थोडा संसर्ग असेल तर हुकू शकतो. त्यामुळे मी आता तापवायच्या आधी सगळ्या नळ्यांचा एक फोटो काढते, मग नंतरचा, आणि दोन्ही शेजारी ठेवूनच ठरवते. काही किटमध्ये जांभळ्याचं आकाशी होणारा हायड्रॉक्सीनॅप्थॉल ब्लू हा रंग असतो, तो आम्लावर चालत नाही, नळीतलं मॅग्नेशियम कमी झालं की बदलतो, तुम्ही आम्लधर्मी माध्यम वापरत असाल तर तसलं किट बघा, फक्त जांभळा आणि आकाशी यातला फरक संध्याकाळच्या उजेडात पटकन कळत नाही.

मातीचा अर्क हा तर वेगळाच विषय. मुळाचा अर्क निवळ येतो, मातीचा येतो कोऱ्या चहासारखा. तो रंग ह्युमिक आम्लांचा, आणि ही आम्लं एन्झाइमचं काम अडवतात. लॅम्प त्याबाबतीत पीसीआरपेक्षा जास्त सहनशील आहे हे खरं, पण सेंद्रिय खत भरपूर घातलेल्या मातीत माझी चाचणी सरळ बसलीच, रोग असूनही निगेटिव्ह. हे मला कळलं कसं, तर मी मुद्दाम त्या मातीच्या अर्कात पॉझिटिव्ह कंट्रोलचा थेंब घालून बघितला आणि तीही नळी गुलाबीच राहिली. म्हणजे निगेटिव्ह उत्तराचा अर्थ रोग नाही असा नव्हता, चाचणी चाललीच नव्हती. ही युक्ती प्रत्येकाने करा, एक नळी खर्च होते पण फसगत टळते. चांगल्या किटमध्ये याच कामासाठी आतली वेगळी कंट्रोल असते, झाडाच्या स्वतःच्या जीनवरची, माझ्या किटमध्ये ती नव्हती आणि यासाठी मी त्यांचा एक पूर्ण स्टार कापतेय.

वेळेबद्दल पण. ३० मिनिटं म्हणजे फक्त तापवायची वेळ. नमुना गोळा करणं, मुळं धुणं, चिरडणं, नावं लिहिणं धरून दीड तास धरून चला, मातीचा नमुना असेल तर दोन. आणि नळ्या ब्लॉकमध्ये विसरू नका, तासाच्या वर ठेवल्या की प्रायमर आपापसातच चिकटून निगेटिव्ह नळीसुद्धा पिवळी व्हायला लागते. मी फोनवर गजर लावते आणि बरोबर तिसाव्या मिनिटाला बाहेर काढते. ब्लॉकच्या आकड्यावर पण आंधळा विश्वास नको, माझ्या ब्लॉकवर ६५ दिसत असताना कडेच्या खाचेतल्या पाण्यात थर्मामीटर बुडवला तर ६१ निघाले, म्हणून थंड सकाळी मी कडेच्या खाचा वापरतच नाही.

फ्युजॅरियमच्या नळ्यांबद्दल मात्र माझं मत नाराजीचंच आहे. फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम जवळजवळ प्रत्येक शेताच्या मातीत असतं आणि त्यातले बरेच प्रकार कुणालाही त्रास देत नाहीत, उलट काही तर मुळांभोवती जागा अडवून रोगट प्रकाराला बाहेर ठेवतात. टोमॅटोला मारणारा प्रकार वेगळा, केळीला मारणारा वेगळा, हरभऱ्याला मारणारा वेगळा, सूक्ष्मदर्शकाखाली सगळे एकसारखे. मग किट नुसतं "फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम आहे" एवढंच सांगत असेल तर ते मला माहीतच होतं की! माझ्या सगळ्यात निरोगी वाफ्याची माती पॉझिटिव्ह आली तेव्हा मी कंपनीला विचारलं की तुमचे प्रायमर नक्की कुठल्या जीनवर आहेत, तर सरळ उत्तर मिळायला चार फोन लागले. टोमॅटोसाठी एसआयएक्स नावाच्या जीनवर बेतलेली चाचणी असेल तर तिला अर्थ आहे, कारण झाडाच्या जलवाहिन्यांत बुरशी जी प्रथिनं सोडते त्यांचे हे जीन आहेत आणि निरुपद्रवी प्रकारात ते सहसा नसतात. त्याच्याही पुढे वाण निवडायला त्या बुरशीचा उपप्रकार, म्हणजे रेस १, २ की ३, हे लागतं आणि ते माझं किट सांगत नाही. रायझोक्टोनिया या बुरशीचंही तसंच, त्याचे बरेच गट आहेत आणि बटाट्यावरचा गट बीटवरच्यापेक्षा वेगळा. राल्स्टोनियाचे तर २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी तीन वेगळ्या जाती केल्या. म्हणून घेण्याआधी विचारा की नेमकं काय पकडता आणि काय सोडता, लेखी विचारा.

केळीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. ट्रॉपिकल रेस ४ ही केळीची पनामा मर (तीही फ्युजॅरियमचीच) २०१९ मध्ये कोलंबियात पोचल्याचं जाहीर झालं, २०२१ मध्ये पेरूत, आणि अशा वेळी ही साधी मर की रेस ४ हाच प्रश्न असतो कारण एकीत कॅव्हेन्डिश गटाची केळी टिकते आणि दुसरीत नाही. रेस ४ चे जाड भिंतीचे बीजाणू मातीत दशकानुदशकं पडून राहतात. तिथे नुसतं फ्युजॅरियम सांगणारी चाचणी काय कामाची.

आता मला ज्यासाठी हे सगळं लिहायचं होतं ते. मागच्या हंगामात एका शेतकऱ्याने लागवडीआधी शेताची माती आणून दिली, मी केली, राल्स्टोनिया निगेटिव्ह, कंट्रोल व्यवस्थित, सगळं बरोबर. त्यांनी विश्वासाने टोमॅटो लावला आणि पाचव्या आठवड्यात खालच्या कोपऱ्यात, जिथे पाणी साचतं तिथे, झाडं बसायला लागली. त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही पण मला झोप लागली नाही. चाचणीत चूक नव्हती. मग मी गणित मांडून बघितलं. एक हेक्टर शेताचा वरचा १५ सेंटीमीटरचा थर म्हणजे साधारण २० लाख किलो माती. आणि माझ्या मण्यांच्या नळीत जाते पाव ग्रॅम. म्हणजे ८०० कोटी भागांतला एक भाग बघून मी शेताला निरोगी म्हटलं होतं! रोग काही मातीत मिठासारखा विरघळलेला नसतो, तो ठिपक्याठिपक्याने असतो, सखल जागी, जुन्या मुळांच्या तुकड्यांत, बांधाच्या तणाखाली. त्यांनी माती आणली होती वाटेजवळच्या तीन जागांची.

त्यामुळे आता मातीचा नमुना मी कुणी आणून दिलेला घेतच नाही. स्वतः जाते. शेतात नागमोडी चालत वीसेक ठिकाणची, मुळांच्या खोलीची माती, शक्यतो जुन्या पिकाची मुळं त्यात राहू देऊन, आणि पाणी साचणारा कोपरा, बांधाची कड, गेल्या वर्षी झाडं मेलेली जागा यांचे नमुने वेगळे, सगळ्यात मिसळायचे नाहीत. प्रत्येक नमुना कागदावर पसरून, खडे काढून, चांगला कालवून मग त्यातून चार-पाच वेगवेगळ्या नळ्या. आणि अहवालात "रोग नाही" असं लिहायचं बंद केलंय, "या जागांच्या नमुन्यात सापडला नाही" असं लिहिते, जागा नकाशावर दाखवून. ऐकणाऱ्याला ते कमी ठाम वाटतं पण तेच खरं आहे.

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या सार्डी या सरकारी संस्थेची प्रेडिक्टा बी नावाची सेवा १९९७ पासून चालू आहे, गहू-बार्लीवाल्यांना पेरणीआधी मातीतल्या रोगांची जोखीम सांगणारी, आणि ती एवढी टिकली त्यामागे मला वाटतं हेच कारण असावं की ते पाव ग्रॅमवर काम भागवत नाहीत, पाचेकशे ग्रॅमच्या अख्ख्या नमुन्यातून डीएनए काढतात, नमुन्यात जुन्या धाटांचे तुकडे मुद्दाम घालायला सांगतात आणि नुसतं आहे-नाही न सांगता किती आहे ते मोजून कमी, मध्यम, जास्त अशी जोखीम कळवतात. शेताच्या मातीचा निर्णय घ्यायचा असेल तर मी अशा प्रयोगशाळेतल्या मोजणीकडे जा म्हणेन, खिशातल्या किटकडे नाही. किट रंग दाखवतं, आकडा देत नाही, आणि थोडा रोग व जास्त रोग यात लावायचं की नाही एवढा फरक असतो.

मग किटचा उपयोग कुठे? जिथे रोग आधीच एकवटलेला असतो तिथे. मूळ, खोड, ट्रेमधून गळून आलेलं पाणी, तळ्याचं पाणी. पाण्यासाठी मी एक जुनी युक्ती आणि हे किट यांची जोडी लावलीय आणि ती मला सगळ्यात आवडते. फायटोफ्थोरा आणि पिथियमचे बीजाणू शेपटीवाले असतात, पाण्यात पोहत मुळाच्या किंवा पानाच्या वासावर येतात. म्हणून पानाच्या चकत्या जाळीच्या पिशवीत घालून तळ्यात दोन-तीन दिवस तरंगत ठेवायच्या, माती तपासायची असेल तर डब्यात माती घालून वर पाणी सोडून त्यावर चकत्या तरंगवायच्या. रोग असेल तर चकतीच्या कडेला पाणी मुरल्यासारखा तपकिरी डाग येतो. तो डागाचा भाग कापून किटमध्ये घालायचा. म्हणजे डबाभर मातीतले बीजाणू स्वतःच चालत माझ्याकडे आले, मला पाव ग्रॅमच्या नशिबावर राहावं लागलं नाही. शिवाय पोहत आलेला बीजाणू जिवंत असतो याची खात्री आपोआपच मिळते.

जिवंत-मेल्याचा मुद्दा पण मोठा आहे. मी एक वाफा उन्हाळ्यात पारदर्शक प्लास्टिकखाली सहा आठवडे तापवला, ही पद्धत इस्राएलमध्ये काटान आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडलेली, आणि नंतर किटने तपासलं तर पॉझिटिव्ह. मी खचलेच होते. पण डीएनए मेलेल्या जंतूचाही मातीत काही काळ टिकून राहतो आणि किटला दोन्हीतला फरक कळत नाही. म्हणून त्याच मातीत सहज बळी पडणाऱ्या जातीची तीस रोपं कुंड्यांत लावून महिनाभर बघितली, तिसच्या तीस उभी राहिली. उपाय केल्यानंतर लगेच हे किट वापरून "उपाय फसला" असं कुणी ठरवू नका, तिथे रोपं लावून बघणं हीच चाचणी.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात. अँटिबॉडीच्या पट्ट्या वापरायला सगळ्यात सोप्या, दहा मिनिटांत रेघ, आणि सुकलेल्या झाडावर एकदम चोख, पण लपलेल्या संसर्गाला त्यांची नजर कमी पडते. आरपीए नावाची डीएनए वाढवायची दुसरी पद्धत ३७ ते ४२ अंशांवर चालते, म्हणजे ब्लॉकवर आणखी कमी भार, आणि उत्तर पट्टीवर रेघेने येतं त्यामुळे रंगाचा गोंधळ नाही, मात्र पट्टीसाठी नळी उघडावी लागत असेल तर वर सांगितलेला तुषारांचा धोका आलाच. क्रिस्पर कॅस१२ जोडलेल्या चाचण्यांत शेवटी अजून एकदा डीएनएचा क्रम जुळवून बघितला जातो, त्यामुळे खोटं पॉझिटिव्ह कमी व्हायला हवं, पण मी स्वतः ते वापरलेलं नाही म्हणून त्यावर गुण देत नाही.

सेवेबद्दल: वाळवलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या साध्या तापमानाला चालल्या, काही अडचण नाही. पण पॉझिटिव्ह कंट्रोल द्रव रूपात होती आणि एका ऑर्डरमध्ये बर्फाची पिशवी पूर्ण वितळून कोमट झालेली आली. तक्रार केल्यावर बदलून दिली, पण बदली यायला अकरा दिवस, आणि कंट्रोलशिवाय चाचणी करण्यात काही अर्थ नाही म्हणून ते अकरा दिवस खोका पडून. पाकीट फोडल्यावर गोळ्या दमटपणाने चिकट होतात हेही लक्षात ठेवा, मी उरलेल्या पट्ट्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते आणि गोळी पांढरी, कोरडी, सुटी दिसली तरच वापरते.

पाचपैकी साडेतीन देते. रोपवाटिका असेल, कलमं किंवा बेणं विकत असाल, पाणी फिरवून वापरणारं ग्रीनहाऊस असेल तर चार समजा आणि घ्या. एकदाच शेताची माती तपासायची म्हणून घेत असाल तर नका घेऊ, तेवढ्या पैशात नीट नमुना काढून प्रयोगशाळेत पाठवा. मी पुढची ऑर्डर दिलीय, या वेळी आतली कंट्रोल असलेल्या पट्ट्या मागवल्यात आणि फ्युजॅरियमच्या नळ्या काढून त्याऐवजी सगळ्या राल्स्टोनिया आणि फायटोफ्थोराच्या घेतल्यात. खालच्या कोपऱ्यातली झाडं गेलेल्या त्या शेतकऱ्यांकडे येत्या लागवडीआधी मी स्वतः माती काढायला जाणार आहे, त्यांनी त्या कोपऱ्याभोवती आधीच खुंट्या ठोकून ठेवल्यात.